‘बूटस्ट्रॅप’ : पहिली आज्ञावली कोठून येते?

संगणकास आज्ञावली वाचावयाची, तर ती कशी वाचावी हे सांगणारी आज्ञावली आधीच त्याच्या स्मृतीत असावयास हवी. नैयायिकांचा अन्योन्याश्रय दोष तो हाच. आज यंत्रात कायमची कोरलेली आज्ञावली ही अडचण झाकून टाकते. १९६५ सालच्या पीडीपी-८ यंत्रात मुळात तशी सोय नव्हती. तेथे दर्शनी फळीवरील १२ खटके वरखाली करून चालक एकेक शब्द हातानेच स्मृतीत घाली. तीन खटक्यांचा एक अष्टमान अंक. पहिला शब्द ६०३२, स्थान ७७५६. अशा अवघ्या १६ आज्ञांची ‘रिम’ ही आज्ञावली छिद्रित कागदी फितीवरून ‘बिन’ ही अधिक समर्थ वाचक-आज्ञावली आत आणी. पुढील सारे काम तिचे. म्हणजे चक्र भेदले जाते ते यंत्राबाहेर, माणसाच्या बोटांनी.

बुटाचा पट्टा ओढून स्वतःस उचलण्याचा अशक्य उद्योग, हा ‘बूटस्ट्रॅप’ शब्दामागील विनोद. मराठीतील ‘बूट करणे’ या प्रयोगात तो साफ हरपला आहे.

चुंबकी कड्यांची स्मृती वीज गेली तरी टिके, म्हणून हा खटाटोप नित्याचा नसे. मात्र एखाद्या बेफाम आज्ञावलीने ती स्थाने पुसली, की पुनश्च ६०३२ पासून आरंभ.