करवत आपोआप थांबते!

वाशीमच्या एसटी स्टँडवर जरा उभे राहा. बसची पायरी चढताना एखादी आजी दांडा धरून हमखास म्हणेल, “टोंगये लय दुखून रायले बाप्पा!”

का दुखतात गुडघे? मांडीचं आणि नडगीचं हाड जिथे भेटतं, तिथे दोन्ही टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो, जेमतेम काही मिलिमीटरचा. वय वाढलं, वर्षानुवर्षं उकिडवं बसून निंदण केलं, की तो झिजतो आणि हाडावर हाड घासतं.

फारच झिजला, तर ‘गुडघा बदलतात’. अख्खा नाही हं! टोकांचा साधारण ८ ते १० मिलिमीटरचा भाग कापून त्यावर धातूचं आवरण बसवतात. अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान असताना मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात त्यांचे दोन्ही गुडघे असेच बदलले होते, एक २००० साली, दुसरा २००१ साली. डॉ. चित्तरंजन राणावत यांनी.

आता मदतीला रोबो आलाय. म्हणजे पांढरा कोट घातलेला यंत्रमानव नव्हे. चाकांच्या खोक्याला जोडलेला एक जाडजूड हात. ‘माको’ नावाच्या रोबोचं बघू. आधी सीटी स्कॅनवरून संगणकात आजीचाच गुडघा तयार होतो. कुठे किती कापायचं, ते डॉक्टर त्यावर ठरवतात. ऑपरेशनच्या वेळी दोन्ही हाडांना छोट्या खुणा लावतात. कॅमेरा त्यांच्यावर नजर ठेवतो. पाय हलला की पडद्यावरचं हाडही हलतं! चीर लहान असली की डॉक्टरांना आतलं कमी दिसतं. तिथे हा पडदा फार कामाचा.

खरी गंमत पुढे. करवत रोबोच्या हातात, पण तो हात चालवतात डॉक्टरच. ठरलेल्या हद्दीपर्यंत ती सुरळीत चालते. हद्द ओलांडायला गेली, की हात अडतो, पातं थांबतं. लंगडीत रेघेवर पाय पडला की आऊट, तसंच! मला तर रोबोच्या कापण्यापेक्षा हे थांबणंच जास्त हुशारीचं वाटतं.

काप नेमका होतो, हे खरं. पण त्यामुळे आजी पुढे दहा वर्षं जास्त बरी चालेल का, यावर डॉक्टरांचा वाद अजून मिटलेला नाही. शिवाय यंत्र महागडं, म्हणून ते मोठ्या शहरांतच जास्त. आणि ऑपरेशननंतरचा व्यायाम? तो रोबो करत नाही. बहुतेकदा दुसऱ्या दिवशीच वॉकर धरून चालायला लावतात!

अशी आजी कधी विमानतळावर गेली, तर गुडघ्यातल्या धातूमुळे तपासणीचं यंत्र किंचाळेल. तिने ऐटीत सांगावं, “आत कोबाल्ट हाय, बापू!”