रोहराउच्या घरातले दोन गळे

माथियास हायडनला स्वरलिपी वाचता येत नव्हती. ऑस्ट्रियातल्या रोहराउ गावात तो गाड्यांची चाकं बनवायचा आणि संध्याकाळी काम उरकलं की हार्प घेऊन बसायचा. तरुणपणी कामासाठी गावोगाव हिंडताना नुसतं ऐकून शिकलेलं ते वाद्य. त्याची बायको आना मारिया लग्नाआधी गावच्या सरदाराच्या वाड्यात स्वयंपाक करायची. ती गाऊ लागली की मुलंही सूर धरायची. त्यांना बारा मुलं झाली, पण जगली सहाच. त्यातला १७३२ साली जन्मलेला योझेफ पुढे जगप्रसिद्ध संगीतकार झाला. त्याच्याहून साडेपाच वर्षांनी धाकटा मिखाएलही मोठा संगीतकार झाला. पण त्याआधी हे दोघे व्हिएन्नाच्या सेंट स्टीफन कॅथेड्रलमधल्या गायकवृंदातली मुलं होते. या मुलांच्या गाण्यापायी त्यांच्या घराला काय सोसावं लागलं आणि काय मिळालं, हे योझेफ हायडनच्या म्हातारपणी त्याच्याशी बोलून चरित्रं लिहिणाऱ्या ग्रीझिंगर आणि डीस यांच्यामुळे आज आपल्याला कळतं.

योझेफ सहा वर्षांचा होण्याच्या सुमारास फ्रांक नावाचा एक नातेवाईक घरी आला. तो जवळच्याच हाइनबुर्गमध्ये शाळामास्तर होता आणि चर्चमधल्या गायनाचंही तोच बघायचा. त्याने मुलाला मागून घेतलं. आईच्या मनात मुलाने धर्मगुरू व्हावं असं होतं, आणि चर्चच्या संगीतातून तीही वाट निघेल असं वाटून आईवडील तयार झाले. आपल्याकडे मूल गुरुगृही पाठवत, तसंच हे. फरक एवढाच, की योझेफ पुन्हा आईवडिलांजवळ राहायला कधी आलाच नाही.

फ्रांककडे जेवणापेक्षा मार जास्त मिळाला, असं हायडन पुढे सांगायचा. कपड्यांवरचे डाग वाढत चालले होते आणि स्वच्छतेच्या नावाखाली डोक्यावर विग चढवला गेला होता. आईने लावलेली टापटिपीची सवय मोडतेय, याची त्या एवढ्याशा मुलाला लाज वाटायची. पण गाणं, व्हायोलिन, नगारा या सगळ्याची सुरुवात तिथेच झाली. त्या माणसाचे उपकार त्याने अखेरपर्यंत मानले. मृत्युपत्रात फ्रांकच्या मुलीसाठी रक्कमही ठेवली.

कॅथेड्रलचा संगीतप्रमुख गेओर्ग रॉयटर चांगल्या आवाजाच्या मुलांच्या शोधात हाइनबुर्गला आला, तेव्हा योझेफ सात वर्षांचा होता. ‘तुला ट्रिल येतो का?’ असं त्याने विचारलं. शेजारशेजारच्या दोन स्वरांवर गळा भरभर फिरवायचा, तो ट्रिल. ‘आमच्या मास्तरांनाही येत नाही,’ असं मुलाचं उत्तर. रॉयटरने गाऊन दाखवलं आणि तिसऱ्या खेपेला पोराला ते जमलं. बक्षीस म्हणून ताटलीभर चेरी मिळाल्या. ती चव हायडन म्हातारपणीही विसरला नव्हता.

व्हिएन्नामध्ये कॅथेड्रलला लागूनच असलेल्या घरात ही मुलं रॉयटरच्या कुटुंबाबरोबर राहत. लॅटिन, थोडंफार शालेय शिक्षण, गळा, व्हायोलिन, कळफलकाची वाद्यं, आणि रोजच्या उपासनेत गाणं. शिकवणी किती मिळाली, हा प्रश्नच आहे. संगीतरचनेचे रॉयटरकडून आपल्याला जेमतेम दोन पाठ मिळाले, असं हायडनने सांगितलं आहे. पोटही भरत नसे. सरदारांच्या घरी गायला बोलावलं की खायला मिळतं, म्हणून तो आणखी चांगलं गायचा. मात्र कानावर अखंड पडणारं उत्तम संगीत ही तिथली खरी शाळा होती. १७४५ च्या सुमारास मिखाएलही तिथे दाखल झाला आणि थोरला भाऊ त्याला शिकवू लागला.

मग योझेफचा आवाज फुटू लागला. त्या काळी शस्त्रक्रिया करून मुलाचा उंच आवाज कायम राखत. अशा गायकांना दरबारात मानाची जागा होती. रॉयटरने तसं सुचवल्याचं कळताच माथियास धावत व्हिएन्नाला पोहोचला, असं ग्रीझिंगर सांगतो. शस्त्रक्रिया झालीच असेल या धास्तीने त्याने मुलाला आधी हेच विचारलं, की दुखतंय का, चालता येतंय का. मुलगा धडधाकट होता. बापाने साफ नकार दिला. गरीब कारागिराने भरवशाच्या भाकरीला दिलेला तो नकार मला या सगळ्या हकिकतीतला सर्वांत मोठा क्षण वाटतो.

दरम्यान धाकट्याचा गळा चमकू लागला होता. १७४८ मध्ये क्लोस्टरनॉयबुर्गच्या मठात तो सम्राट आणि सम्राज्ञीसमोर गायला आणि त्याला सोन्याची २४ नाणी मिळाली. त्यातली निम्मी वडिलांना पाठवा, कारण त्यांचं जनावर नुकतंच मेलंय, असं त्या अकरा वर्षांच्या पोराने सांगितलं. उरलेली आवाज फुटेपर्यंत सांभाळून ठेवा, असंही तो म्हणाला. भावाचं काय होतंय ते तो पाहतच होता.

पुढच्याच वर्षी, नोव्हेंबरच्या सुमारास, सोबतच्या मुलाची शेंडी कापल्याच्या खोडीवरून योझेफला छड्या मारून घालवून दिलं गेलं. अंगावरच्या कपड्यांनिशी. श्पांगलर नावाच्या एका गरीब गायकाने बायको आणि तान्ह्या मुलासह राहत असलेल्या आपल्या पोटमाळ्यावर त्याला आसरा दिला. याच श्पांगलरच्या मुलीला १७६८ मध्ये, हायडन पुढे ज्यांच्या पदरी नोकरीला होता त्या एस्टरहाझी सरदारांच्या दरबारात, गायिका म्हणून जागा मिळाली. धर्मगुरू हो, हा आईचा आग्रह चालूच होता. तो त्याने मानला नाही. १७५४ मध्ये आई गेली. मुलाचं पुढचं काहीच तिला पाहायला मिळालं नाही. माथियासने मात्र मुलगा एस्टरहाझींच्या गणवेशात पाहिला. १७६३ साली तो वारला.

१७९२ मध्ये, साठीचा हायडन लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये धर्मादाय शाळांतली हजारो मुलं एकत्र गाताना ऐकत होता. आयुष्यात कोणत्याच संगीताने आपल्याला इतकं हलवलं नाही, असं त्याने वहीत लिहिलं, आणि मुलांनी गायलेले ते मोजके स्वरही टिपून ठेवले.

तीन वर्षांनी तो रोहराउला आला. गावच्या सरदाराने त्याचं स्मारक उभारलं होतं. तो घरात शिरला, गुडघे टेकून त्याने उंबऱ्याचं चुंबन घेतलं, आणि बरोबरच्या लोकांना शेगडीजवळचा बाक दाखवला. लहानपणी वडिलांच्या हार्पबरोबर गाताना, हातात काठी धरून व्हायोलिन वाजवल्याचं सोंग करत, तो तिथेच बसायचा.