खेळाडू कुणाचा? फुटबॉलमधला देश आणि क्लब यांचा झगडा

आज आपण एक असा प्रश्न घेतोय, ज्याचं उत्तर सगळ्यांच्या ओठांवर तयार असतं. फुटबॉलपटूला देशाच्या संघाने बोलावलं आणि त्याच्या क्लबने ‘जाऊ नकोस’ म्हटलं, तर त्याने काय करावं? आंबिवली स्टेशनाबाहेर उभं राहून दहा जणांना विचारा, दहाही जण सांगतील, ‘देश आधी, यात विचारायचं काय?’ या भावनेशी आमचं भांडण नाही. आमचं म्हणणं इतकंच, की हा प्रश्न निष्ठेचा आहे असं धरून चाललो तर आपण चुकीच्या माणसाला दोष देतो. कारण भांडण असतं तीन गोष्टींवरून. खेळाडूचे दिवस कुणाचे, त्या दिवसांचा पगार कोण देतो आणि पाय मोडला तर खर्च कुणाचा. या तीन गोष्टी कागदावर ठरल्या नसतील, तर खेळाडू मधल्या मध्ये चेंगरतो आणि वर आपणच म्हणतो, याला देशाचं काही पडलेलं नाही.

एक ताजं उदाहरण घेऊ. सप्टेंबर 2023, चीनमधलं हांगझोऊ, आशियाई खेळ. या स्पर्धेत फुटबॉलचा संघ 23 वर्षांखालच्यांचा असतो, त्यात थोडे मोठे खेळाडू चालतात. त्या वर्षी स्पर्धा एक वर्ष उशिरा झाल्यामुळे वयाची अटही एका वर्षाने वाढवली होती. भारताने संघ जाहीर केला आणि इंडियन सुपर लीगमधल्या क्लबांनी बरेचसे खेळाडू सोडायला नकार दिला. लीग 21 सप्टेंबरला सुरू होणार होती आणि भारताची पहिली मॅच 19 तारखेला होती, म्हणजे दोन्ही गोष्टी एकमेकींच्या अंगावरच आल्या. मग यादी फिरवली, विनवण्या झाल्या, मिळतील ते खेळाडू गोळा केले. 39 वर्षांचा सुनील छेत्री गेला. आपल्या मुंबईचा ब्राइस मिरांडा गेला. संघ हांगझोऊला पोचला तो मॅचच्या आदल्या संध्याकाळी. दोन बचावपटू तर व्हिसात अडकले.

आता मॅच बघा. समोर यजमान चीन. गोलरक्षक गुरमीतने पेनल्टी अडवली. हाफटाइमच्या तोंडावर राहुल के. पी. ने अवघड कोनातून गोल मारला आणि मध्यंतराला 1-1 अशी बरोबरी होती. प्रवासाने थकलेल्या, एकत्र सरावच न केलेल्या पोरांनी 45 मिनिटं चीनला रोखून धरलं! दुसऱ्या हाफमध्ये मात्र पायातलं बळ संपलं आणि आपण 1-5 हरलो. दुसऱ्या दिवशी सगळीकडे चर्चा होती ती या ‘पाच’ची.

मग क्लबांनी नियम मोडला होता का? नाही. आणि ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्या लोकांना ठाऊक असते, म्हणून तिच्यावर जरा थांबू या.

फिफा एक वेळापत्रक ठरवते. त्यात ठरावीक दिवस फक्त देशांच्या मॅचेससाठी राखून ठेवलेले असतात. त्याला म्हणतात ‘विंडो’, खिडकीच म्हणा ना. नेहमीची खिडकी नऊ दिवसांची, सोमवारी उघडते आणि पुढच्या आठवड्यातल्या मंगळवारी बंद होते. खिडकी उघडी असताना देशाच्या मुख्य संघाने बोलावलं, तर क्लबला खेळाडू सोडावाच लागतो, तिथे ‘नाही’ म्हणायची सोयच नाही. खिडकी बंद असेल तर मात्र मर्जी क्लबची. हांगझोऊच्या तारखा त्या वर्षीच्या खिडकीबाहेर होत्या. विषय संपला.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकच्या वेळी बार्सिलोनाने 21 वर्षांच्या मेस्सीला सोडायला नकार दिला होता. प्रकरण क्रीडा लवादापर्यंत गेलं आणि ऑगस्ट 2008 मध्ये लवादाने निकाल दिला, की क्लबवर सक्ती नाही. कायद्याने बार्सिलोना जिंकली. तरीही प्रशिक्षक ग्वार्दिओलाने मेस्सीला जाऊ दिलं आणि अर्जेंटिनाने सुवर्णपदक मिळवलं. म्हणजे जगातल्या सगळ्यात गुणी पोरालासुद्धा देशासाठी खेळायला मिळालं, ते क्लबच्या मेहेरबानीवर.

नियमांत आणखी एक मजेशीर कलम आहे. देशाचं बोलावणं आलं आणि खेळाडू म्हणाला, ‘माझा स्नायू दुखावलाय’, तर देशाची संघटना स्वतःच्या डॉक्टरकडून त्याची तपासणी करून घेऊ शकते. आणि तो गेलाच नाही, तर त्या काळात तो क्लबसाठीही खेळू शकत नाही. हे कलम का आलं असेल, ते सांगायला नको. शाळेत पोटदुखी काढून घरी बसलेलं पोर संध्याकाळी मैदानावर दिसू नये, म्हणून.

आता तुम्ही म्हणाल, पूर्वी असं नव्हतं. पूर्वीचे खेळाडू देशासाठी जीव टाकायचे. खरंय, पण पूर्वीची व्यवस्थाही वेगळी होती. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये मुंबईच्या नेव्हिल डिसूझा यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट-ट्रिक करणारे ते पहिले आशियाई. ती मॅच आपण 4-2 जिंकलो आणि शेवटी चौथे आलो. हे डिसूझा मुंबईत टाटा आणि कॅल्टेक्स या कंपन्यांच्या संघांतून खेळले. त्या जमान्यात मुंबईचा फुटबॉल म्हणजे कंपन्या, गिरण्या, बँका आणि रेल्वे यांचा फुटबॉल. खेळाडूला पोसायची ती नोकरी. देशाचं बोलावणं आलं की प्रश्न उरायचा फक्त रजेचा. आजही केंद्र सरकारी नोकरांना अशा स्पर्धांसाठी वर्षाला 30 दिवसांपर्यंत विशेष नैमित्तिक रजा मिळते. पगार चालू, नोकरी शाबूत, पाय मोडला तरी महिन्याचं पाकीट घरी येणार. उलट आपला माणूस देशाकडून खेळला याचा कंपनीला मानच वाटायचा. गोल झाले नाहीत म्हणून काही कंपनीचं नफ्या-तोट्याचं गणित बिघडत नव्हतं.

इथे बसलेल्यांना हे जास्त उलगडून सांगायला नको. मोहोने-आंबिवलीने एनआरसीचे दिवस पाहिलेत. कारखाना, वसाहत, शाळा असं सगळं एका छत्राखाली. 2009 साली कारखाना बंद पडला, तेव्हा नुसती नोकरी नाही गेली, सगळी घडीच मोडली. मुंबईच्या फुटबॉलमध्येही असंच झालं. महिंद्र युनायटेडने 2005-06 ला राष्ट्रीय लीग जिंकली आणि 2010 मध्ये कंपनीने संघच बंद केला. गोव्यात साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो यांनी 2016 मध्ये आय-लीगमधून अंग काढून घेतलं. जुनं छत्र गेलं. आज खेळाडूच्या हातात असतो तो दोन-तीन वर्षांचा करार, त्यापुढे काही नाही. बाविसाव्या वर्षी गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि करार संपला, तर पुढचा करार कोण देणार? मग तो देशाच्या शिबिराला जाण्याआधी दोनदा विचार करत असेल, तर आम्हाला तरी त्यात गद्दारी दिसत नाही.

आता वळू या पैशाकडे, कारण खरी मेख इथे आहे. खेळाडू देशाकडे गेला, तर त्या दिवसांचा पगार कोण देतं? क्लब. फिफाचा नियमच आहे, खेळाडू सोडल्याबद्दल क्लबला भरपाई मागता येत नाही. प्रवासखर्च देशाच्या संघटनेचा, विमा क्लबने काढायचा. म्हणजे तुमची रिक्षा शेजाऱ्याने लग्नाला न्यायची, पेट्रोल तो घालणार, पण हप्ता तुम्ही भरायचा आणि ठोकली तर दुरुस्तीही तुमचीच.

हे फार वर्षं असंच चाललं. मग बेल्जियममध्ये एक प्रकरण झालं. शार्लरुआ नावाच्या क्लबचा अब्देलमजीद उलमेर्स हा खेळाडू नोव्हेंबर 2004 मध्ये मोरोक्कोकडून एक मैत्रीपूर्ण मॅच खेळला, जायबंदी झाला आणि आठ महिने बाहेर बसला. क्लब थेट कोर्टात गेला, मोठमोठे युरोपीय क्लब मागे उभे राहिले. निकाल विरोधात गेला असता, तर फिफाचा सगळा डोलाराच हलला असता. शेवटी 2008 च्या सुरुवातीला समझोता झाला आणि वर्ल्ड कपच्या कमाईतला वाटा क्लबांना द्यायचं ठरलं. 2010 च्या वर्ल्ड कपला ही रक्कम 4 कोटी डॉलर होती. 2022 ला ती जवळपास 21 कोटी झाली आणि 2026 साठी 35.5 कोटी ठरली. शिवाय 2012 पासून दुखापतीची भरपाईही आली. देशाच्या मुख्य संघाकडून, अधिकृत वेळापत्रकातल्या मॅचमध्ये खेळाडू जखमी झाला आणि 28 दिवसांहून जास्त बाहेर राहिला, तर फिफा क्लबला त्याचा पगार देते. वर्षाला कमाल 75 लाख युरो.

नीट ऐका, ‘अधिकृत वेळापत्रकातल्या’. म्हणजे खिडकीबाहेरच्या शिबिरात किंवा 23 वर्षांखालच्या स्पर्धेत पोराचा गुडघा गेला, तर हे छत्र नाही. आणि वर्ल्ड कपचा वाटा मिळतो, तो खेळाडू वर्ल्ड कपच्या वाटेवर असलेल्या क्लबांना. आपल्या क्लबांच्या पदरात त्यातलं काय पडत असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

म्हणून 2025 चा ऑगस्ट समजून घ्यायला हवा. मुंबईच्या फुटबॉलमध्ये आयुष्य घालवलेले खालिद जमील भारताचे प्रशिक्षक झाले. महिंद्रकडून खेळलेला, मुंबई एफसी वर्षानुवर्षं तुटपुंज्या साधनांवर चालवलेला हा माणूस. त्यांची पहिलीच स्पर्धा मध्य आशियात होती, काफा नेशन्स कप. शिबिर ऑगस्टच्या मध्याला बंगळुरूत आणि पहिली मॅच 29 ऑगस्टला. खिडकी उघडणार होती 1 सप्टेंबरला. मोहन बागानने खेळाडू सोडले नाहीत. नियमाची तारीख तर होतीच, पण देशाकडून खेळताना जखमी झालेल्यांकडे महासंघ बघत नाही, हीही त्यांची तक्रार होती.

लोक बागानवर तुटून पडले. पण पुढे काय झालं तेही बघा. भारताने ताजिकिस्तानला हरवलं, मग इराणविरुद्धच्या मॅचमध्ये एफसी गोवाच्या संदेश झिंगनच्या गालाचं हाड मोडलं. तो उरलेल्या स्पर्धेतून बाहेर. गोव्याचा क्लब तेव्हा आशियाई स्पर्धेच्या तयारीत होता, सप्टेंबरातच त्यांची मॅच होती. क्लबांना ज्याची धास्ती असते, नेमकं तेच झालं. आणि तरीही, ऐका, राहिलेल्या पोरांनी ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा क्रमांक आणला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकीच्या जोरावर दुसरी खोडून काढू नये.

मग यावर तोड काय? आपल्याकडे एक तोड काढली गेली होती. आमच्या मते ती पुरती विसरली गेली आहे. महासंघाने स्वतःचाच क्लब काढला, इंडियन ॲरोज. 2010 मध्ये सुरू झाला, 2013 ला बंद केला, 2017 च्या 17 वर्षांखालच्या वर्ल्ड कपनंतर पुन्हा उभा केला. कल्पना सरळ होती. क्लबही आपला आणि देशाचा संघही आपला, म्हणजे भांडणच नको. कोल्हापूरचा अनिकेत जाधव हा याच वाटेने आला. तो वर्ल्ड कप खेळला, मग ॲरोज, पुढे जमशेदपूर, हैदराबाद. 2022 मध्ये ॲरोज पुन्हा गुंडाळला.

क्रिकेटवाले नेमकं हेच करतात, फक्त पैसा त्यांच्याकडे आहे. आयपीएलही बीसीसीआयची, देशाचा संघही बीसीसीआयचा. एकाच घराची दोन दारं. फुटबॉलमध्ये घरंच वेगळी आहेत, म्हणून मधली भिंत कुणाची यावर वाद होणारच.

अनिकेतचं नाव निघालंच आहे, तर कोल्हापूरबद्दल थोडं. तिथे शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले, की अख्खी पेठ गॅलरीत असते. पेठेच्या जर्सीवरचं ते प्रेम पाहिलं, की क्लबवरची निष्ठा म्हणजे पैशाची हाव, हे म्हणणं किती पोकळ आहे ते कळतं. माणूस आधी गल्लीचा असतो, मग गावाचा, मग देशाचा. देशाच्या संघात जाणारा प्रत्येक पोरगा कुठल्या तरी क्लबनेच घडवलेला असतो. बूट कुणी दिले, दुखापतीत बर्फ कुणी लावला, हे तो विसरत नाही.

आणि क्लब नसले तर काय होतं, तेही आपण नुकतंच पाहिलंय. 2025 च्या मोसमात सुपर लीगचा व्यावसायिक करार संपत आला, नवा ठरेना आणि लीग वेळेवर सुरूच झाली नाही. म्हणजे त्या वेळी क्लब आणि देश यांच्यात झगडाच नव्हता, कारण लीगच नव्हती! खेळाडू मोकळे होते. 14 ऑक्टोबरला गोव्यात, फातोर्ड्याच्या मैदानावर सिंगापूरविरुद्ध मॅच होती. मुंबई सिटीच्या छांगतेने सुरुवातीलाच गोल केला, तरी आपण 1-2 हरलो आणि 2027 च्या आशियाई कपची दारं बंद झाली. केवळ लीग नव्हती म्हणून हरलो असं आम्ही म्हणणार नाही, सिंगापूर चांगलं खेळलं. पण महिनोन्महिने लीगची मॅच न खेळलेले पाय 90 मिनिटं कसे पुरणार?

शेवटी तारखांचा एक गुंता सांगून थांबतो, मग तुमचे प्रश्न घेऊ. 2026 पासून फिफाने सप्टेंबर आणि ऑक्टोबरच्या दोन खिडक्या जोडून एकच मोठी केली आहे, 21 सप्टेंबर ते 6 ऑक्टोबर, चार मॅचेससाठी. आणि जपानमध्ये आइची-नागोयाचे आशियाई खेळ आहेत 19 सप्टेंबर ते 4 ऑक्टोबर. म्हणजे तारखा जवळजवळ एकच. पण खिडकीची सक्ती आहे ती मुख्य संघासाठी, 23 वर्षांखालच्या संघासाठी नव्हे. तेव्हा अशा वेळी एखाद्या 22 वर्षांच्या चांगल्या पोरावर एकाच पंधरवड्यात तिघे हक्क सांगू शकतात. देशाचा मुख्य संघ, देशाचाच दुसरा संघ आणि पगार देणारा त्याचा क्लब.