विश्लेषण : व्हर्च्युअल मशीनमधला आवाज का अडखळतो?

मॅकवर व्हर्च्युअल मशीनमध्ये विंडोज चालवून त्यात एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर वापरणाऱ्या दृष्टिहीन व्यक्तीसाठी आवाज हाच पडदा असतो. तो करकरू लागला, शब्द तुटले की काम थांबते. प्रोसेसर वेगवान असूनही असे का होते?

नेमके काय बिघडते?
डिजिटल ध्वनीत सेकंदाला साधारण ४८,००० नमुने असतात. म्हणजे १० मिलिसेकंदांच्या तुकड्यात ४८०. पुढचा तुकडा वेळेत पोहोचला नाही की बफर रिकामा होतो आणि आवाज तुटतो. सरासरी वेग कितीही चांगला असला तरी एकच उशीर पुरेसा ठरतो.

विंडोजमधली सेटिंग का पुरत नाही?
प्रोग्रॅममधल्या कोणत्या थ्रेडला प्रोसेसर आधी द्यायचा, हे ऑपरेटिंग सिस्टीम प्राधान्यावरून ठरवते. इथे मात्र दोन सिस्टीम आहेत. आतल्या विंडोजने आवाजाला अग्रक्रम दिला तरी बाहेरच्या, म्हणजे होस्ट सिस्टीमला तो दिसत नाही. तिच्या लेखी व्हर्च्युअल मशीन हा ब्राउझरसारखाच एक प्रोग्रॅम. गर्दी झाली की आवाजही रांगेत उभा राहतो.

उपाय काय?
व्हर्च्युअल मशीनच्या सॉफ्टवेअरमध्येच आवाजाचा थ्रेड वेगळा करून होस्टवर त्याचे प्राधान्य वाढवणे. त्यासाठी विंडोजमध्ये व्हिस्टापासून ‘मल्टिमीडिया क्लास शेड्युलर’ ही सेवा आहे. लिनक्समध्ये रिअल-टाइम शेड्युलिंग आहे. मॅकमध्येही ठरावीक मुदतीत प्रोसेसर मागण्याची सोय आहे.

मग सगळ्याच थ्रेडना वरचे प्राधान्य का नको?
रिअल-टाइम थ्रेड अडकला तर संगणकच गोठू शकतो. म्हणून लिनक्स मूळ सेटिंगमध्ये अशा थ्रेडना सेकंदातले ०.९५ सेकंदच देते. दुसरा धोका ‘प्रायॉरिटी इन्व्हर्जन’चा. १९९७ मध्ये मंगळावरच्या पाथफाइंडर यानाचा संगणक यामुळेच वारंवार रीसेट होत होता. महत्त्वाचे काम कमी प्राधान्याच्या कामासाठी खोळंबले होते आणि मधल्या प्राधान्याच्या कामाने प्रोसेसर अडवून धरला होता. म्हणूनच आवाजाचा थ्रेड छोटा हवा आणि तो इतरांसाठी थांबून राहणारा नको.

वापरकर्त्याने काय करावे?
सॉफ्टवेअर अपडेट ठेवावे. सगळे कोअर व्हर्च्युअल मशीनला न देता एक-दोन होस्टसाठी राखावेत. सोय असल्यास बफर वाढवावा. त्याने करकर कमी होते, पण की दाबल्यावर शब्द उशिरा ऐकू येतो. स्क्रीन रीडरवर विसंबणाऱ्यांना हा उशीरही जाचक ठरतो. त्यामुळे खरी दुरुस्ती थ्रेडच्या प्राधान्याचीच, आणि ती सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या हातात आहे.