प्रार्थनेनंतरचा तास

मी बल्लारपूरला मिशनच्या प्राथमिक शाळेत शिकवते. चांदा, म्हणजे आमचा चंद्रपूरचा भाग, 1962 साली केरळच्या सीरो-मलबार कॅथलिक चर्चचे मिशनक्षेत्र झाला, 1977 साली धर्मप्रांत. चंद्रपूर, गडचिरोली हे जंगलजिल्हे त्यातच येतात. माझ्या वर्गात गोंड, बौद्ध, हिंदू, ख्रिस्ती अशी सगळ्या घरांतली मुले आहेत. राज्यघटनेचे 28वे कलम सांगते, मान्यताप्राप्त शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणाची सक्ती करता येत नाही. ते योग्यच आहे. म्हणून ख्रिस्ती मूल्ये मी वागण्यातून शिकवते. जखमी परक्याला मदत करणाऱ्या, बायबलमधल्या चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सांगते आणि विचारते, “आज एकटं कोण जेवतंय?” मुले आपापले डबे घेऊन त्या एकट्या मुलाजवळ सरकतात. रेव्हरंड ना. वा. टिळकांची ‘केवढे हे क्रौर्य!’ ही जखमी पक्षिणीची कविता वाचली, की आम्ही पाखरांविषयी बोलतो. पालकांनो, गुण जरूर विचारा, पण “आज कुणाला मदत केलीस?” हेही रोज विचारा.