छापा की काटा? छापाच!

माहीत आहे का, तुम्ही ऑलरेडी प्रिंटमेकर आहात? शाळेत भेंडी आडवी कापून, रंगात बुडवून कागदावर फुलं उमटवली होती ना? तोच तुमचा डेब्यू! (घरी भाजीला भेंडी कमी पडली, तो भाग वेगळा.)

आणि सगळ्यात सोपं सेल्फ-पोर्ट्रेट? शाई लावलेला अंगठा! जगातलं पहिलं फिंगरप्रिंट ब्युरो १८९७ मध्ये आपल्या कोलकात्यात सुरू झालं. त्यामुळे 'अंगठाछाप' म्हणून कुणाला हिणवू नका, बॉस.

जवसाची चटणी आवडते? त्याच जवसाच्या तेलापासून लिनोलियम बनतं. फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रजानं १८६० च्या दशकात ते आणलं फरशीवर अंथरायला. कलाकारांनी ते जमिनीवरून थेट टेबलावर घेतलं आणि कोरायला सुरुवात केली. लाकडापेक्षा मऊ, खिशाला हलकं. प्रेस नाही? नो टेन्शन. शाई लावा, वर कागद ठेवा, चमच्याच्या पाठीनं घोटा. झाला लिनोकट!

पण थांबा! पहिल्याच क्लासला जवळजवळ प्रत्येकाची विकेट जाते, ती स्वतःच्या नावावर. सरळ कोरलं की छापून उलटं येतं. आरशातही जवळपास जसंच्या तसं राहणारं एक मुळाक्षर आहे, माहीत आहे का? ठशाचा 'ठ'!

एकाच लिनोतून अनेक रंग हवेत? मग एक रंग छापा, आणखी कोरा, दुसरा छापा. मागे फिरायचा रस्ता बंद, कारण कोरलेलं परत भरत नाही. म्हणून या पद्धतीचं टोपणनाव 'सुसाइड प्रिंट'. दचकू नका, जीव फक्त लिनोचा जातो.

आता जरा दमानं. चित्तप्रसाद या बंगाली चित्रकारानं जातीच्या निषेधार्थ 'भट्टाचार्य' हे आडनावच सोडून दिलं. १९४३ च्या बंगाल दुष्काळात तो मिदनापूरभर फिरला, उपाशी माणसं रेखाटली, 'हंग्री बेंगॉल' नावाची पुस्तिका काढली. ब्रिटिशांनी काय केलं? छापलेल्यावर छापा! प्रती जप्त करून जाळल्या. पुढे हा माणूस मुंबईत, अंधेरीत राहिला आणि कष्टकऱ्यांचे, राबणाऱ्या मुलांचे लिनोकट करत राहिला. काळ्यावर पांढऱ्या रेघा, आणि त्या मुलांचे मोठ्ठे डोळे. माझ्या मते, मोबाइलवर झूम करून बघायचंच तर हे बघा.

तिकडे अमेरिकेत कलाकार एलिझाबेथ कॅटलेट. आजी-आजोबा गुलामगिरीतून सुटलेले, नात मेक्सिकोत जाऊन कृष्णवर्णीय कष्टकरी बायका लिनोवर कोरते. जन्म अमेरिकेतला, तरी अमेरिकेनं तिलाच 'नकोशी परकी' ठरवलं!

मेक्सिकोवरून आठवलं: पिसांची हॅट घातलेली ती हसरी कवटी पाहिली आहे का? मेक्सिकन छापाचित्रकार होसे ग्वादालुपे पोसादा यांनी ती जस्ताच्या पत्र्यावर एचिंग करून (म्हणजे आम्लानं कोरून) साकारली, १९१० च्या आसपास. मूळ नाव 'कालावेरा गार्बान्सेरा', त्यात 'गार्बान्सो' म्हणजे चक्क काबुली चणा! मूळ ओळख लपवून युरोपियन नखरे करणाऱ्या स्थानिक लोकांना मारलेला टोमणा होता तो. पोसादांनी तिला नुसती हॅट दिली. अंगभर कपडे मिळाले ते पुढे चित्रकार दिएगो रिवेराच्या म्युरलमध्ये, 'कात्रिना' बनून. आणि आज? मृतांच्या सणाला मेक्सिकन लोक हौसेनं तिचाच मेकअप करून रस्त्यावर उतरतात. हॅटसकट!