चित्र अडखळते? दोष टीव्हीचा नव्हे, हिशेबाचा!

पगारदार माणसाच्या घरात मोठा टीव्ही हा हप्त्यांवरच येतो. आम्हीही मागच्या वर्षी बारा हप्त्यांवर घेतला. पहिल्याच रविवारी मुलाने लॅपटॉप जोडून सिनेमा लावला. शेजारची मंडळी जमली. पण पडद्यावरून आगगाडी आडवी जाऊ लागली की अडखळे. कॅमेरा डोंगरावरून फिरला की डोंगर धक्के खाई. आईने दोनदा चष्मा पुसला. दुकानदार म्हणाला, "साहेब, वरचे मॉडेल घ्या, आठ हजार जास्त पडतील." आठ हजार म्हणजे आमच्या मुलीच्या क्लासची फी! आम्ही घरी परतलो आणि आधी हिशेब मांडला.

गोम कुठे आहे?

सिनेमा म्हणजे स्थिर चित्रांची मालिका. बोलपट आले तेव्हापासून, म्हणजे १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून, सेकंदाला २४ चित्रे ही पद्धत रूढ झाली. टीव्ही किंवा लॅपटॉप मात्र बहुधा सेकंदाला ६० वेळा चित्र ताजे करतो. याला 'रिफ्रेश रेट' म्हणतात व तो हर्ट्झमध्ये मोजतात.

आता ६० ला २४ ने भागा. उत्तर अडीच. अर्धी पाळी तर देता येत नाही! म्हणून एक चित्र दोनदा, पुढचे तीनदा दाखवले जाते. पंगतीत एकाला दोन भाकऱ्या, दुसऱ्याला तीन, असा हा प्रकार. शांत प्रसंगात तो कळत नाही. कॅमेरा सावकाश आडवा फिरला की डोळ्याला खटकतो.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून जुन्या टीव्हीची पाल पद्धत २५ चित्रांची. त्या पद्धतीत सिनेमा बहुधा २५ च्या वेगाने सोडीत. अडीच तासांचा सिनेमा सहा मिनिटे लवकर संपे, पण असा धक्का बसत नसे.

उपाय काय?

भागाकार पूर्ण जाईल असा आकडा निवडावा. २४ च्या सिनेमाला २४ किंवा १२० हर्ट्झ, २५ च्या जुन्या कार्यक्रमाला ५०, मोबाइलवर ३० किंवा ६० ने घेतलेल्या चित्रणाला ६०.

लॅपटॉप विंडोजचा असेल तर सेटिंग, सिस्टीम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले या वाटेने जावे. तेथे टीव्ही निवडून रिफ्रेश रेट बदलावा. यादीत २४ आणि २३.९७६ असे दोन्ही आकडे दिसले तर गोंधळू नये. घरी पाहण्यासाठी मिळणारे बरेच सिनेमे २३.९७६ चे असतात. फरक पैचा आहे; चुकले तर सुमारे ४२ सेकंदांनी एक चित्र दोनदा दिसेल, एवढेच. सिनेमा संपल्यावर पुन्हा ६० करावे, नाहीतर माउसचा बाण अडखळतो.

टीव्हीला वेगळा बॉक्स जोडला असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये 'मॅच फ्रेम रेट' किंवा तशा अर्थाचे नाव शोधावे. फायर टीव्हीत ते 'मॅच ओरिजिनल फ्रेम रेट' असे आहे. हे चालू केल्यावर सिनेमा सुरू होताना पडदा क्षणभर काळा होतो. तो बिघाड नव्हे. मात्र प्रत्येक अ‍ॅप ही सोय पाळतेच असे नाही.

आणखी एक गोष्ट. कित्येक टीव्ही दोन चित्रांच्या मध्ये स्वतः बनवलेली चित्रे घुसडतात. एलजीत याला 'ट्रूमोशन', सोनीत 'मोशनफ्लो' म्हणतात. त्याने हालचाल गुळगुळीत होते, पण सिनेमा मालिकेसारखा दिसू लागतो. आवडत नसेल तर बंद करावे.

आमच्या घरी २४ चा आकडा निवडताच आगगाडी सरळ गेली. २४ चित्रांचा हलका कंप राहतो. तो सिनेमाचा स्वभावच आहे. आठ हजार मात्र वाचले आणि मुलीची फी वेळेवर भरली. तेव्हा दुकानाची पायरी चढण्यापूर्वी घरातल्या शिकत्या मुलाला किंवा मुलीला सेटिंग उघडायला सांगा. भागाकार त्यांना येतोच!